नामानाचा राग आणि जवळची यार्देन

रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकाने नामानाची गोष्ट कधी ना कधी सांगितली असेल. २ राजे ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील ही गोष्ट मुलांना फार आवडते. अरामाचा मोठा सेनापती, राजाच्या मर्जीतला माणूस. पण अंगावर कुष्ठरोग. त्याच्या घरी लढाईत धरून आणलेली एक लहान इस्राएली मुलगी मोलकरीण असते. तिच्या तोंडून संदेष्ट्याची गोष्ट निघते. मग हा सेनापती रुपे, सोने आणि पोशाख घेऊन रथघोड्यांसह निघतो. आधी तो जातो राजाकडे. कारण मोठ्या माणसाने मोठ्याकडेच जावयाचे. शेवटी अलीशाच्या दारी येतो, तर अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. जासुदाबरोबर निरोप येतो : यार्देनेत सात वेळा स्नान कर.

नामानाला राग येतो. त्याच्या देशात दिमिष्काजवळ अबाना आणि परपर ह्या मोठ्या नद्या असताना ही यार्देन कशाला? आणि संदेष्ट्याने स्वतः येऊन, हात फिरवून, काही थोर कृत्य करून दाखवावयाचे, ते सोडून नुसते स्नान? तो पाठ फिरवून निघतो. त्याचे चाकर त्याला समजावितात म्हणून बरे. नाहीतर तो रोग घेऊनच घरी गेला असता.

ही गोष्ट मी तीस वर्षे मुलांना शिकविली. आज्ञापालन, विश्वास, त्या लहान मुलीची साक्ष, हे सर्व मुद्दे फळ्यावर लिहून दिले. पण नामान म्हणजे मीच, हे मला कळावयास माझ्या अक्काचे आजारपण व्हावे लागले. स्वतःचे सांगणे मला आवडत नाही. पण ह्या विषयावर लिहावयाचे तर ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अक्का बेळगावपासून काही मैलांवरील आमच्या गावी एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गावातील आशाताई तिच्या दारी आली आणि म्हणाली, "अक्का, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा बीपी आणि साखर तपासायची आहे, उपकेंद्रात चला." अक्का गेली. बीपी बराच वाढलेला निघाला. आठवड्याने पुन्हा तपासला, तरी तोच. तेथील सिस्टरांनी चिठ्ठी दिली आणि सांगितले, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा, गोळी सुरू करा, दर महिन्याला येत जा. अक्काने मला फोन केला. मी म्हणालो, "त्या सरकारी गोळ्यांना काय गुण असणार? नाताळ होऊ दे, मी येतो आणि तुला बेळगावात मोठ्या डॉक्टरांकडे नेतो."

नाताळ झाला. मग एक लग्न निघाले. मग उपवासकाळातल्या सभा, मग पुनरुत्थानाचा सण. अक्काला काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. म्हणून घाई कोणालाच नव्हती. आशाताई मधून दोनदा विचारून गेली. अक्काने तिला सांगितले, "माझा भाऊ मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहे." जूनच्या पहिल्या पावसात एके सकाळी अक्काचा उजवा हात पडला आणि तोंड वाकडे झाले. मोठ्या दवाखान्यात नेले, जीव वाचला, पण त्या हाताने ती आता गायनाचे पुस्तक धरू शकत नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी बीपीची जी गोळी लिहून दिली, ती चौकशीअंती त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी निघाली. गोळी वेळेवर सुरू झाली असती तर हे टळलेच असते, असे डॉक्टर म्हणत नाहीत. पण धोका पुष्कळ कमी झाला असता, असे मात्र म्हणतात.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. जी मदत जवळ आहे, साधी आहे, फुकट आहे, ती केवळ साधी आणि फुकट म्हणून नाकारणे हा नुसता आवडीनिवडीचा भाग आहे, की त्यात काही नैतिक दोष आहे? आणि दोष असेल तर तो केवळ स्वतःच्या शरीराविरुद्ध, की शेजाऱ्याविरुद्धही?

प्रथम ही मदत म्हणजे काय ते नीट पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्या देशात मांडली ती भोर समितीने. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले ख्रिस्ती गृहस्थ. समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी, हे त्याचे सार. १९५२ पासून ही केंद्रे निघू लागली. आज सपाटीच्या प्रदेशात सुमारे ५,००० वस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण ठरलेले आहे. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. त्यांच्या वर सामुदायिक आरोग्य केंद्र, आणि त्याहून वर जिल्हा रुग्णालय. २००५ पासून साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई आशा म्हणून नेमली जाते. २०१८ पासून पुष्कळ उपकेंद्रांत रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होऊ लागली. २०२३ पासून अशा केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. शहरांतील बंधुभगिनींनाही ही सोय आहे. हैदराबादेत बस्ती दवाखाने आहेत, इंदूर-ग्वाल्हेरकडे संजीवनी क्लिनिके आहेत, वडोदऱ्यात नागरी आरोग्य केंद्रे आहेत. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे केंद्र कोणते, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? मला माझ्या राहत्या गल्लीतले ठाऊक नव्हते.

तेथे मिळते काय? बाळाला जन्मतः आणि पुढे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांला लसी, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस. गरोदर बाईची किमान चार वेळा तपासणी, रक्तवाढीच्या गोळ्या, धनुर्वाताची लस; आणि २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेचे असले तरी, औषधे आणि गाडी यांसह विनामूल्य. दोन आठवडे खोकला राहिला तर क्षयाची तपासणी आणि क्षय निघाल्यास पूर्ण उपचार फुकट. शिवाय आहारासाठी दरमहा मदत, जी नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. जुलाब लागलेल्या मुलाला क्षार-साखरेची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या. ह्यांत थोर कृत्य असे एकही नाही. पण माणसे मरतात ती पुष्कळदा ह्याच लहान गोष्टी वेळेवर न झाल्यामुळे.

आता आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाकडे पाहू. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कोणत्याही ख्रिस्ती घरात मिरजेचे नाव काढा. कोणाचा तरी जन्म तेथे झालेला असतो, कोणाची तरी मावशी तेथे नर्स झालेली असते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उघडलेल्या त्या दवाखान्याचे ऋण फिटणारे नाही. पण अशा दवाखान्यांनी आपल्या मनात एक समजूतही रुजविली : बरे करणे म्हणजे मोठी इमारत, शस्त्रक्रिया आणि गोरगरिबांची लांबून येणारी रांग. १९६४ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे निरनिराळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले, आणि आपला वैद्यकीय पैसा जवळजवळ सारा इमारतींत व खाटांत जातो, मग मंडळी स्वतः बरे करण्याच्या कामात कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. त्यातून जागतिक मंडळ्यांच्या परिषदेने १९६८ साली वैद्यकीय कार्यासाठी एक आयोग नेमला.

त्याच सुमारास आपल्याच भाषेच्या मुलखात एक जोडपे हाच प्रश्न घेऊन बसले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, बरे होऊन गेलेला रोगी काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. कारण त्याच्या गावातले पाणी, त्याच्या ताटातले अन्न आणि त्याच्या मनातले समज तसेच राहिलेले असतात. १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे गेले. गावांनी निवडलेल्या साध्या स्त्रियांना, ज्यांपैकी कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते आणि ज्यांपैकी पुष्कळजणी दलित होत्या, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. गरोदर बाईची देखभाल, सुरक्षित बाळंतपण, मुलाचे वजन, जुलाबावर पाणी, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणे, हे सर्व त्या शिकल्या. पाण्याचे पंप दलित वस्तीत बसविले. तहान लागली की सर्वांनी तेथेच यावे. कामाच्या आरंभी त्या भागात दर हजार बालकांमागे सुमारे १७६ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत असत. पुढे हा आकडा तिसाच्या खाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडचे काम जगापुढे आले. १९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा केली आणि तिचा मार्ग म्हणून प्राथमिक आरोग्यसेवेचे नाव घेतले, त्यामागे जे थोडे नमुने होते त्यांत जामखेड एक होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावागावात फिरणारी आशाताई ही त्या जामखेडच्या बाईची धाकटी बहीणच समजा. जी गोष्ट आपल्याच घरातल्या माणसांनी जगाला शिकविली, ती आपल्या दारी आली तेव्हा मी तिला परत पाठविले.

का बरे परत पाठविले? मी स्वतःस अनेक उत्तरे दिली. त्यांतील तीन उत्तरे मंडळीत इतरांच्या तोंडूनही ऐकली आहेत. ती तपासून पाहू.

पहिले उत्तर विश्वासाचे. काही भाविक म्हणतात, "प्रार्थना असताना तपासण्या कशाला? दुखत नसताना दुखणे शोधणे म्हणजे अविश्वास." मला ह्या बंधूंची थट्टा करावयाची नाही, प्रार्थनेचे बळ मीही अनुभवले आहे. पण पवित्र शास्त्र ह्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करीत नाही. हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर साधा घरगुती उपाय सुचविला, आणि त्याच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. आणि नामानाला तर विश्वासाने करावयाचे काम म्हणून नदीत उतरणेच सांगितले होते. तेही एकदा नव्हे, सात वेळा. सहाव्या बुडीनंतर तो बाहेर आला असता तर? क्षयाचा रोगी दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडतो, बीपीचा रोगी डोके दुखत नाही म्हणून सोडतो. ही सहाव्या बुडीनंतर नदीबाहेर येणारी माणसे होत. साध्या क्षयाचे औषध सहा महिने पुरे घ्यावे लागते. रोज तीच गोळी, तोच पेला, काही चमत्कार दिसत नसताना घेत राहणे, ह्यालाही विश्वास लागतो.

दुसरे उत्तर अधिक सभ्य दिसते. "ते केंद्र गोरगरिबांसाठी आहे. आपली ऐपत असताना आपण तेथे गेलो तर त्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखे होईल." ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. दवाखान्यात एकच खाट शिल्लक असेल आणि दाराशी दोन रोगी असतील, तर ज्याला दुसरीकडे जाता येते त्याने बाजूला व्हावे, हे खरेच. पण लस आणि तपासणी हा वाटून संपणारा घास नव्हे. गोवर इतका झपाट्याने पसरतो की, शंभरांतील सुमारे पंच्याण्णवजणांच्या अंगी प्रतिकारशक्ती असावी लागते, तेव्हा तो थांबतो. माझ्या नातवाला लस दिली तर जे शेजारचे बाळ अजून नऊ महिन्यांचे झाले नाही, त्याच्याभोवतीही कुंपण उभे राहते. येथे घेणे हेच देणे आहे.

शिवाय दुसरा विचार करा. ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबांपुढे उभे राहता येते, ज्यांचे चार ओळखीचे आहेत, ती घरे केंद्रात जाणे सोडतात. मग औषधे संपली, सिस्टरची जागा रिकामी राहिली, नळाला पाणी नाही, तर बोलणार कोण? जे उरले त्यांचे कोणी ऐकत नाही. आपल्या मराठी शाळांचे काय झाले ते आठवा. वडिलांनी उभ्या केलेल्या शाळांतून आपण आपली मुले काढली, आणि मग शाळा बिघडली म्हणून हळहळलो. गरिबांसाठी म्हणून राखून ठेवलेली सेवा हळूहळू गरीबच होत जाते. तेव्हा ऐपत असलेल्याने जवळच्या केंद्रात जाऊन नाव नोंदविणे, रांगेत बसणे, हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे एक रूप आहे, असे मला वाटू लागले आहे. त्या बाकावर बसल्यावर आपणांस कळते की गावात काय चालले आहे. कोणाचे मूल खंगले आहे, कोणती सून दुसऱ्यांदा गरोदर असून तिच्या अंगात रक्त नाही. आपल्या मोटारीच्या काचेतून हे दिसत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड. "तुम्ही म्हणता ते ठीक, पण केंद्र बंद असते, औषध बाहेरून आणावयास सांगतात, कोणी नीट बोलत नाही." हेही खरे असते. सर्वत्र नव्हे, पण पुष्कळ ठिकाणी. आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण. पाट्या कानडीत असतात आणि आमच्या म्हाताऱ्यांना त्या वाचता येत नाहीत. मग लोकहितासाठी म्हणून आईने आपल्या तापलेल्या लेकराला बंद दारापुढे घेऊन बसावे काय? मुळीच नाही. लेकराचा जीव हा कोणाच्या तत्त्वाचा प्रयोग करण्याची जागा नव्हे. गरोदर बाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागले, छातीत जोराची कळ आली, साप चावला, एकाएकी हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, मुलाचा श्वास लागला किंवा ते पाणीही पिईना, तर वेळ न दवडता १०८ ला फोन करून जेथे सोय असेल तेथे न्यावे. प्राथमिक सेवा ही पहिली पायरी आहे; ती सारा जिना नव्हे, आणि वरच्या पायरीकडे वेळेवर पाठविणे हेही तिचेच काम आहे.

पण प्रश्न उरतोच. बंद दार पाहून आपण काय करतो? एक मार्ग पाठ फिरविण्याचा. दुसरा, परत परत येऊन दार ठोठावण्याचा. न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा दृष्टांत आपण प्रार्थनेवर शिकवितो. ती बाई हक्क मागत होती हे विसरतो. गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. तिला थोडा निधीही मिळतो. आपल्या पंचांपैकी कोणी त्या समितीच्या बैठकीला कधी गेले आहे काय? केंद्र कोणत्या वारी उघडे असते, कोणती औषधे असावयास हवीत, हे विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे. आणि ज्यांना विचारता येत नाही त्यांच्या वतीने विचारणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे.

येथे नामानाच्या गोष्टीचा शेवट आठवावा. अलीशाने नामानाकडून काही घेतले नाही. पण त्याचा सेवक गेहजी मागून धावत गेला आणि खोटे बोलून रुपे व पोशाख घेऊन आला. आणि नामानाचा रोग त्याला जडला. फुकट दिलेल्या कृपेवर जो हात मारतो त्याची ही गोष्ट आहे. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुली आणि मुलगे सरकारी व खाजगी दवाखान्यांत नोकरीस आहेत. बाळंतिणीच्या नातलगांकडून 'चहापाणी' मागितले जाते तेव्हा त्यांनी गेहजीची आठवण ठेवावी. पण त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, पुष्कळ आशाताई आणि सिस्टर तुटपुंज्या मानधनात, उन्हापावसात, लोकांचे टोमणे ऐकत प्रामाणिकपणे दारोदार जातात. त्यांची दखल आपल्या प्रार्थनांत कधी येते? आपण परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करतो. गल्लीत येणाऱ्या त्या बाईला बसावयास खुर्ची आणि प्यावयास पाणी द्यावे, हेही काही कमी नाही.

माझ्या राग येण्याचे खरे कारण मात्र ह्या तिन्ही उत्तरांत नव्हते. खरे कारण गर्व. पाचशे रुपये फी घेणारा डॉक्टर तो मोठा, सुई टोचली आणि सलाईन लावले तर उपचार झाला, आणि गावातल्या साध्या बाईने सांगितले तर त्यात काय अर्थ, ही माझी मनोवृत्ती. नामानाच्या घरातली ती मुलगी वयाने लहान, परकी, दासी. तिचे नावही शास्त्रात दिलेले नाही. तरी तिचे त्याने ऐकले. त्या बाबतीत तो सेनापती माझ्याहून बरा.

मग आपण, विशेषतः रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी, काय करावे? आपण वैद्य होऊ नये; औषधे सुचवू नयेत. पण मुलांच्या नोंदवहीत जसा वाढदिवस लिहितो, तसा लसीकरणाचे कार्ड पुरे झाले आहे की नाही ह्याचा रकाना घालता येईल. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने मोजून जुलाबावरचे पाणी कसे करावे, ते एका रविवारी मुलांकडूनच करून घेता येईल. घरी जाऊन ती आईला दाखवतील. पाळकसाहेबांनी घरभेटीत "खोकला किती दिवसांचा?" एवढे विचारावे. महिला मंडळाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांना महिन्यातून एकदा केंद्रात सोबत न्यावे. आणि क्षय झालेल्या माणसाच्या शेजारी बसावयास मंडळीतील लोक बिचकतात, त्यांना समजावून सांगावे की, योग्य औषध नियमित चालू झाल्यावर त्याच्यापासून लागण होण्याचा धोका लवकरच पुष्कळ कमी होतो; आणि त्याला सर्वांत जास्त गरज असते ती सहा महिने हिंमत देणाऱ्या सोबतीची. नामानाला हिंमत दिली ती त्याच्या चाकरांनी. मंडळीने निदान एवढे चाकराचे काम करावे.

अक्का आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी उपकेंद्रात जाते. शक्य तेव्हा मी गावी जाऊन तिच्यासोबत असतो. बाकावर आमच्या शेजारी शेतमजूर बाया, एखादा निवृत्त शिपाई, लेकराला टोचून घ्यावयास आलेली सून, असे सारे बसलेले असतात. सिस्टर बीपी बघतात, कार्डावर लिहितात, गोळ्या मोजून देतात. पाच मिनिटांचे काम. मागच्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या, तेव्हा मी अर्ज लिहिला. आणि बाकावरच्या नऊजणांनी त्यावर सह्या आणि अंगठे केले. अक्काने डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी होती, पण तिची होती. गोळ्या त्या महिन्यात आल्या.

परतताना तिने मला विचारले, "तू मुलांना अजून नामानाची गोष्ट शिकवतोस का रे?" मी म्हणालो, "शिकवतो, अक्का. पण आता वेगळी शिकवतो."

प्रभू आपणां सर्वांस जवळच्या यार्देनेत उतरण्याची नम्रता देवो. आणि सातव्या बुडीपर्यंत तेथे टिकण्याचा धीरही देवो.